पागोळ्यांच्या दिवसांतली बंदूक

माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. खाली कर्जत-खालापुरात तो कमी असला तरी जून ते सप्टेंबर भिंतींची ओल हटत नाही आणि कपाटातल्या कपड्यांवर बुरशी धरते. ज्या घरात रानडुकरांपासून पीक राखायला परवान्याची ठासणीची किंवा बारा बोअरची बंदूक आहे, त्या घरातली दारू, टोप्या आणि काडतुसेही हीच हवा खात असतात. ओली दारू उडत नाही, म्हणजे धोका टळला, असे लोक समजतात. खरा धोका अर्धवट ओल्या दारूचा. ती उशिरा उडते, अपुरी उडते आणि पुढच्या बाराला नळीत अडथळा ठेवून जाते.

आधी एका गोष्टीचा निकाल लावू. अमेरिकेत वापरलेली काडतुसे घरी पुन्हा भरण्याचा छंद सर्रास चालतो. त्यासाठी तिथे दाबयंत्रे, अतिसूक्ष्म वजनकाटे आणि दारूच्या प्रत्येक प्रकाराची छापील कोष्टके मिळतात. एवढे सगळे हाताशी असूनही एकाच काडतुसात दोनदा दारू पडते, किंवा दारू न पडताच काडतूस बंद होते. पहिल्या चुकीत नळी फुटते. दुसऱ्या चुकीत टोपीच्या जोराने माल नळीत मध्येच अडकतो आणि पुढचा बार त्यावर आदळतो. आपल्याकडे तर बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनवण्याचा परवाना नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या भंगाला किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप आहे. म्हणून उडवलेले काडतूस घरी भरायचे नाही, दुसऱ्याने भरलेले घ्यायचे नाही. फटाक्यातली दारू तर बंदुकीजवळही नेऊ नका. ती बंदुकीच्या दारूपेक्षा वेगळी असते, घर्षणाने पेटू शकते आणि तिचा जोर नळीला पेलत नाही. बारा बोअरसाठी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची शक्तिमान काडतुसे परवानाधारक दुकानात मिळतात. पावती परवान्याबरोबर जपा.

आता देखभालीकडे वळू. पहिले काम मे महिन्यात, वळवाच्या सरी यायच्या आत उरकायचे. बंदूक हातात घेताच ती भरलेली नाही ना हे पाहायचे, मग ती काल तुम्हीच ठेवलेली का असेना. मोडून उघडणाऱ्या बंदुकीत हे सोपे असते. ठासणीच्या बंदुकीत आधी टोपी काढा. मग गज नळीत तळापर्यंत सोडा आणि नळीच्या तोंडाशी गजावर कुठली खूण येते ते बघा. बंदूक नक्की रिकामी असताना ही खूण एकदा कोरून ठेवली की काम कायमचे झाले. गज खुणेपर्यंत उतरला नाही तर आत बार आहे किंवा काहीतरी अडकले आहे. हे करताना नळीच्या तोंडावर चेहरा किंवा तळहात आणू नका. गज चिमटीत बाजूने धरा.

अडकलेली वस्तू दारूच असेल असे नाही. आपल्या भागात कुंभारीण माशी कुठल्याही नळीत मातीचे घर करते. खुंटीला टांगलेली बंदूक तिला आयती मिळते. मातीची ती बोटभर गोळी नळी फाडायला पुरते. यासाठी नळीचे तोंड बंदिस्त कपाटात असावे. नुसता बोळा खुपसून ठेवू नये. तो काढायचा राहून जातो आणि आत ओलही धरतो.

आत जुना बार निघाला तर तो घरी उकरायचा नाही, उडवूनही पाहायचा नाही. टोपी काढलेलीच असू द्या, नळीत पाणी ओतून दारू भिजवा, पोलीस ठाण्याला कळवा आणि दुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिराकडून बार काढून घ्या. भिजलेली दारू वाळली की पुन्हा पेटू शकते, म्हणून पाणी ओतून निर्धास्त होऊ नका.

साफसफाईत सर्वांत जास्त चुका तेलाच्या होतात. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घट्ट राख आणि क्षार होऊन मागे राहतो. हे क्षार हवेतली ओल ओढतात. त्यावर थेट तेल फासले तर खाली गंज चालूच राहतो आणि वर डांबरासारखा थर बसतो. म्हणून ठासणीच्या बंदुकीला आधी पाणी, मग तेल. बार उडवलेल्या दिवशीच, दुसऱ्या दिवसावर न ढकलता, नळी कढत पाण्याने धुवा. फडके गुंडाळलेला गज वरखाली करा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. गरम नळी आतून लवकर वाळते, हा कढत पाण्याचा फायदा. टोपी बसते त्या बोंडाचे भोक बारीक तारेने मोकळे करा. शेवटी कोरडे फडके आणि तेलाचा अगदी पातळ हात. बारा बोअरच्या आधुनिक काडतुसांना पाण्याची गरज नसते. तिथे नळीचा ब्रश आणि बंदुकीचे तेल पुरे.

खोबरेल नको. घरात ते हाताशी असते म्हणून लोक घोड्याला आणि चापाला लावतात. ते साधारण २४ अंशांखाली गोठते आणि माथेरानच्या डिसेंबरमधल्या रात्री याहून कितीतरी गार असतात. गोठलेल्या तेलाने घोडा जड होतो, चाप नीट परतत नाही. शिलाई मशीनचे तेल चालेल, पण थेंबभरच. गंज सोडवणारे फवाऱ्याचे तेल काडतुसांजवळ मारू नका. ते टोपीत झिरपून तिला निकामी करते. आणि बंदूक वापरण्याआधी नळीतले तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या.

काडतुसे, टोप्या आणि दारू बंदुकीपासून वेगळ्या कपाटात, कुलपात, चूल, गॅस आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून लांब ठेवा. बाहेरच्या भिंतीला टेकलेले कपाट ओल धरते. ते आतल्या भिंतीला हलवा, जमिनीपासून वीतभर उंच. काडतुसे मूळ खोक्यातच, झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, सोबत रंग बदलणाऱ्या ओलशोषक खड्यांची पुडी. निळे खडे गुलाबी झाले की पुडी बाहेर काढून, दारूपासून दूर, खडे तापवून घ्या. दारू मात्र कधीही तापवायची नाही. भिजलेली दारू उन्हात पसरणे, तव्यावर किंवा चुलीच्या वैलावर ठेवणे हा वेडेपणा आजही काही घरांत होतो, आणि तो घरातल्या माणसांच्या जिवावर येतो. दारू कोरड्या हातांनी, सुती कपड्यांत हाताळा आणि तिथे विडी, निरांजन, मोबाईल काही नको.

वारसाने आलेल्या जुन्या बारा बोअरची एक अडचण अशी की, तिचे काडतूस-घर बहुधा ६५ मिलिमीटरचे असते आणि आजची बरीच काडतुसे ७० मिलिमीटरची असतात. न उडवलेले लांब काडतूस आत सहज बसते, उडताना त्याचे तोंड उलगडायला जागा उरत नाही आणि दाब वाढतो. वापरण्याआधी कारागिराकडून माप घ्या, नळीचा पत्रा किती झिजला आहे तेही बघून घ्या. वीस बोअरचे काडतूस त्या घरात कधीही ठेवू नका. ते बारा बोअरच्या नळीत घसरून पुढे अडकते, बंदूक रिकामी वाटते, मागून बाराचे काडतूस बसते आणि नळी हातात फुटते.

शेतावर चाप ओढला आणि आवाज झाला नाही, तर खांदा तिथेच ठेवा. नळी मोकळ्या, सुरक्षित दिशेला धरून काडतुसासाठी किमान अर्धा मिनिट, ठासणीच्या बारासाठी निदान दोन मिनिटे थांबा. ओलावलेली टोपी किंवा दारू एवढा वेळ धुमसू शकते. नुसता फुसका आवाज आला, खांद्याला धक्का नेहमीपेक्षा हलका बसला, तर दुसरा बार भरण्याआधी बंदूक उघडून किंवा गज सोडून नळी मोकळी आहे का ते पाहायलाच हवे.

रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते, हे सगळ्यांना ठाऊक असते तरी सांगतो. माथेरानचा डोंगर आणि भोवतालचा परिसर ४ फेब्रुवारी २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. पायवाटांवर घोडे असतात, बाराच्या आवाजाने ते बिथरतात आणि घोड्यावर बसलेले मूल दरीच्या कडेला असू शकते. डुकरासाठी पेरलेले गावठी बॉम्ब तर गुरांचे जबडे आणि माणसांचे हात उडवतात. असा गोळा दिसला तर हात न लावता पोलिसांना आणि वनरक्षकाला कळवा.

निवडणुकीच्या आचारसंहितेत बंदूक ठाण्यात जमा करावी लागते तेव्हा ती साफ करून, तेलाचा हात देऊनच द्या. महिनाभर दुसऱ्याच्या ओल्या खोलीत ती राहणार असते. परत आणल्यावर गजाची परीक्षा पुन्हा करा. परवानाधारक वारला तर घरच्यांनी बंदूक विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. आणि हिरवट थर चढलेली, फुगलेली, पुठ्ठा भिजून मऊ झालेली काडतुसे विहिरीत, चुलीत किंवा कचऱ्यात टाकू नका. ती वेगळ्या डब्यात ठेवा, ठाण्यात लेखी अर्ज द्या, ते सांगतील तिथे जमा करा आणि तेवढी काडतुसे परवान्यावरच्या नोंदीतून कमी करून घ्या.