चोथा पचत नाही, तरी यकृताला उपयोगी कसा?

प्रश्न : माझे वय 46. दारूचा थेंबही कधी घेतलेला नाही. तरी सोनोग्राफीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड 1' निघाले. डॉक्टरांनी साखर आणि मैदा कमी करायला आणि भाकरी, उसळी, पालेभाज्या वाढवायला सांगितले आहे. तंतुमय पदार्थ पोट साफ होण्यासाठी असतात, एवढेच आजवर ऐकले होते. जो चोथा पचतच नाही, तो यकृतापर्यंत पोचतो तरी कसा?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : चोथा यकृतापर्यंत पोचत नाहीच, ही तुमची शंका बरोबर आहे. त्या चोथ्यापासून आतड्यातले जिवाणू जे तयार करतात, ते मात्र यकृतात पोचते.

भाकरीतला बहुतेक स्टार्च आणि डाळीतली प्रथिने लहान आतड्यातच पचतात. पेक्टिन, इन्युलिन, सेल्युलोज असे तंतू फोडणारी विकरे मात्र माणसाच्या शरीरात तयार होत नाहीत. म्हणून हे तंतू जवळजवळ जसेच्या तसे मोठ्या आतड्यात उतरतात. तिथे जिवाणूंची प्रचंड वस्ती आहे. आपल्या शरीरात जेवढ्या पेशी असतात, साधारण तेवढेच जिवाणू आपल्यासोबत राहतात आणि त्यांतले बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात असतात. आंबोळीचे पीठ रात्रभर आंबते, तसे हे जिवाणू तंतू आंबवतात. त्यातून मुख्यतः तीन लहान मेदाम्ले तयार होतात : अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट.

यांपैकी ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य अन्न आहे. तिथल्या पेशींना लागणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे 70 टक्के ऊर्जा त्यातून मिळते. उरलेली मेदाम्ले रक्तात शिरतात. आतड्यातून निघालेले रक्त थेट हृदयाकडे जात नाही. 'पोर्टल व्हेन' नावाची मोठी शीर ते आधी यकृतात नेते. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त याच शिरेतून येते. त्यामुळे आतड्यात जे काही घडते, चांगले किंवा वाईट, त्याची झळ सर्वांत आधी यकृताला लागते.

चोथा मिळाला नाही, तर काय होते? जिवाणू उपाशी बसत नाहीत. आतड्याच्या अस्तरावर बुळबुळीत श्लेष्माचा थर असतो आणि जिवाणूंना अस्तरापासून दूर ठेवणे हे त्याचे काम. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांना तंतू नसलेला आहार दिला, तेव्हा त्यांच्या आतड्यातल्या काही जिवाणूंनी हा थरच खायला सुरुवात केली आणि तो पातळ झाला. अस्तर असे कमकुवत झाले, की जिवाणूंच्या भिंतीचे विषारी तुकडे रक्तात झिरपू शकतात आणि पोर्टल व्हेनमधून यकृतात पोचतात. यकृतातल्या संरक्षक पेशी त्यांच्याशी लढतात, त्यातून दाह होतो. हा दाह सतत धुमसत राहिला, तर इन्सुलिनचा परिणाम मंदावतो आणि चरबी साठलेल्या यकृताची हानी वाढते.

दारू न पिता हे दुखणे का, हेही तुमच्या मनात असणार. पोटावरचे वजन, मधुमेहाकडे झुकलेली प्रकृती आणि गोड पेये ही त्याची नेहमीची कारणे. यकृत जादा साखरेची, विशेषतः फ्रुक्टोजची, चरबी बनवून साठवते. बीजिंगच्या संशोधकांनी 2019 साली आणखी एक गोष्ट दाखवली. फॅटी लिव्हर असलेल्या काही रुग्णांच्या आतड्यात 'क्लेबसिएला' जिवाणूचे असे प्रकार सापडले, जे पिष्ट आणि साखरेपासून स्वतःच अल्कोहोल तयार करतात. प्रत्येक रुग्णाचे कारण हेच असते असे नाही. पण आतडे आणि यकृत किती जवळून जोडलेले आहेत, ते यावरून कळते.

आतड्यातून यकृताच्या रुग्णावर उपचार करणे डॉक्टरांना नवीन नाही. यकृत फार बिघडले, की रक्तात अमोनिया वाढतो आणि रुग्ण भ्रमिष्टासारखा वागू लागतो. अशा वेळी 1960च्या दशकापासून लॅक्ट्युलोज हे औषध दिले जाते. ही माणसाला न पचणारी साखर आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू ती आंबवतात, तिथली आम्लता वाढते, अमोनिया आतड्यातच अडकतो आणि शौचावाटे निघून जातो.

प्रश्न : पण तंतूंमुळे यकृतातली चरबी खरोखर उतरते, असे माणसांत दिसले आहे का?

उत्तर : हो, दिसले आहे. चीनमधल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हर असलेल्या 200 जणांपैकी निम्म्यांना चार महिने रोज 40 ग्रॅम न पचणारा स्टार्च दिला. इतरांच्या तुलनेत त्यांच्या यकृतातली चरबी कमी झाली आणि वजनातला फरक हिशेबात धरूनही फायदा उरला. हे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले.

याशिवाय तंतूंचे आणखी दोन फायदे आहेत. जिवाणूंनी बनवलेली मेदाम्ले आतड्यातल्या पेशींना जीएलपी-1 हे संप्रेरक सोडायला लावतात. त्याने भूक शमते आणि जेवणानंतरची साखर आटोक्यात राहते. दुसरा फायदा पित्ताचा. ओट, सातू, इसबगोल यांतले चिकट तंतू पित्ताम्ले धरून ठेवतात. ती शौचावाटे गेली, की यकृताला नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी रक्तातले कोलेस्टेरॉल वापरावे लागते.

तरीही फॅटी लिव्हरवरचा पहिला उपाय वजन कमी करणे हाच आहे. वजन जास्त असेल, तर ते पाच टक्के उतरले तरी यकृतातली चरबी घटते. सात ते दहा टक्के उतरले, तर दाहही कमी होतो. चोथ्याने पोट लवकर भरते, म्हणून वजन उतरवायलाही त्याची मदत होते.

प्रश्न : मग बाजारातली फायबरची पावडर रोज घेतली तर चालेल का?

उत्तर : ताटातल्या अन्नाची जागा पावडर घेऊ शकत नाही. इसबगोल बद्धकोष्ठाला आणि कोलेस्टेरॉलला उपयोगी आहे, पण जिवाणू ते फारसे आंबवू शकत नाहीत. इन्युलिनसारखे शुद्ध केलेले तंतू ते झपाट्याने आंबवतात, पण त्याबाबतही सावध राहायला हवे. 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी प्रतिकारशक्तीत विशिष्ट दोष असलेल्या उंदरांना इन्युलिन मिसळलेला कृत्रिम आहार दिला, तेव्हा त्यांतल्या काहींना यकृताचा कर्करोग झाला. हा निष्कर्ष माणसांना जसाच्या तसा लागू होत नाही. पण प्रक्रिया केलेल्या पदार्थात वरून तंतू मिसळला म्हणजे तो पदार्थ आरोग्यदायी झाला, असे समजू नये.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी दिवसाला किमान 25 ग्रॅम नैसर्गिक तंतू सुचवते. तुमच्या सोलापुरात हे अवघड नाही. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 10 ग्रॅम तंतू असतात. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते तीन ग्रॅमही भरत नाहीत. अख्ख्या हरभऱ्यात शंभराला 25 ग्रॅमच्या आसपास तंतू असतात. दोन वेळच्या भाकऱ्या, वाटीभर मटकीची किंवा हुलग्याची उसळ, एक पालेभाजी, काकडी-गाजराची कोशिंबीर आणि एक पेरू एवढ्यात दिवसाचा हिशेब सहज पूर्ण होतो. कणीक चाळून कोंडा टाकू नका. मोसंबीचा रस काढण्याऐवजी फोडी खा.

हा बदल मात्र हळूहळू करा. एकदम उसळींचा मारा केला, तर गॅस होतो, पोट फुगते. तीन-चार आठवड्यांत प्रमाण वाढवत न्या आणि पाणी पुरेसे प्या. सिरॉसिस झालेला असेल, आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा मधुमेहाची औषधे चालू असतील, तर आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला.

ग्रेड 1 म्हणजे घाबरण्याचे कारण नाही, पण दुर्लक्ष करण्याइतके ते किरकोळही नाही. या टप्प्यावर यकृत बहुतेकदा पूर्ववत होऊ शकते. डॉक्टरांनी सांगितलेली भाकरी आणि उसळ औषधाइतकीच मनावर घ्या, रोज चाला आणि ते सांगतील तेव्हा तपासणी पुन्हा करून घ्या.