उडायच्या आठवड्यात

अमरावती,
श्रावण वद्य षष्ठी

चि. सोनूस,


काल रात्री तू अकोल्याहून पाठवलेला फोटो पाहिला. जिन्याच्या छताखाली भिंतीला चिकटलेली मातीची अर्धी वाटी आणि तिच्या काठावर ओळीनं चार तोंडं. जिवण्या अजून पिवळ्या आहेत. तू म्हणतेस, उद्या बाबांना शिडी आणायला सांगते, वर चढून अगदी जवळून चित्रण करते आणि जमलं तर एक पिल्लू दोन मिनिटं हातात घेऊन पाहते. ते वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. शिडी आणू नकोस, पोरी. एवढंच सांगायचं आहे. बाकीचं पत्र म्हणजे त्याची कारणं.

आधी हे पाखरू कोण ते समजून घे. आपल्याकडे त्याला पाकोळी म्हणतात. पण लोक आणखी एका पक्ष्याला पाकोळीच म्हणतात, तो तारेवर कधी बसत नाही. त्याच्या पायांना ते जमतच नाही. तुझी पाकोळी तारेवर बसते, कारण ती भिंगरीच्या कुळातली आहे. चिमणीपेक्षा लहान, अंगानं धुरकट तपकिरी. वळताना शेपूट पसरली की तिच्यावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग दिसते. १८३२ साली कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं आपल्या दख्खनमधल्याच पक्ष्यावरून तिची शास्त्रात पहिली नोंद केली. तिचं मूळ घर म्हणजे उभे कडे. चिखलदऱ्याला गाविलगडाच्या बाजूनं खाली पाहिलंस तर कसा कडा तिला आवडतो ते कळेल. आपण शहरात तीन-चार मजली इमारती बांधल्या आणि तिला तो कडाच वाटला. थंडीत येणाऱ्या माळभिंगऱ्या उन्हाळ्याआधी उत्तरेला परततात. ही मात्र बारा महिने इथेच राहते. तेव्हा ती तुमची पाहुणी नाही, शेजारीण आहे.

ती वाटी तिनं कशी बांधली असेल, याचा विचार कर. रस्त्यावरच्या डबक्याकाठची काळी माती चोचीत मावेल एवढी उचलायची, भिंतीला लावायची, वाळू द्यायची आणि पुन्हा जायचं. एका वाटीसाठी शेकडो खेपा. आत पिसं आणि मऊ काहीबाही अंथरायचं. आपल्या वऱ्हाडात कापसाला काय तोटा! इथे माझ्या गच्चीखालच्या घरट्यातून एकदा रुईचा पुंजका लोंबताना मी पाहिला आहे.

आता पिल्लांचं. तू पहिली चिवचिव ऐकलीस नागपंचमीच्या आदल्या दिवशी, म्हणजे आज सतरा दिवस झाले. या कुळातली पिल्लं साधारण तीन ते चार आठवडे घरट्यात काढतात. तुझी पोळ्याच्या आसपास उडतील असा माझा अंदाज आहे. या शेवटच्या दिवसांत बाहेरून फारसं काही घडत नाही असं वाटतं, पण सगळं महत्त्वाचं आतच चाललेलं असतं. भिंगरीच्या कुळातल्या पिल्लांचं वजन उडण्याआधी थोडं उतरतं. पिल्लांनी बाहेर पडावं म्हणून आईबापच त्यांना उपाशी ठेवतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं कारण वेगळंच आहे. वाढत्या पिसाच्या बुडाशी ओल असते. पीस पक्कं होत जातं तशी ती ओल आटते. तुरीची हिरवी शेंग वाळताना हलकी होते आणि आतला दाणा टणक होतो, तसंच हे. ओल पुरती आटण्याआधी पिल्लू बाहेर पडलं, तर पंख दिसतात, पण ते त्याला पेलत नाहीत.

आणि ते लवकर बाहेर पडतं कशानं, तर भीतीनं. पिल्लू आठ दिवसांचं असताना वर सावली पडली तर ते तोंड उघडतं. सतरा-अठरा दिवसांचं झालं की त्याच सावलीला ते शत्रू समजतं आणि जीव वाचवायला उडी टाकतं. तुझी शिडी ही तशी सावली आहे. हातातला फोनही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मी तेरा वर्षांचा होतो, परतवाड्याला आजोळी. माडीच्या आढ्याखाली असंच घरटं होतं. आजी दुपारी आडवी झाली आणि मी शिडी लावली. तोंड काठाशी नेलं मात्र, चारही पिल्लं एकदम फुटली. दोन समोरच्या कौलांवर गेली, एक भिंतीला घासत खाली आलं, चौथं अंगणात तगरीच्या बुडाशी पडलं. मी शिडीवरून उतरेपर्यंत मांजर तिथे पोचली होती. भिंतीशी पडलेलं रात्री गेलं. पण माझ्या मनात राहिलं ते वेगळंच. दोन्ही मोठी पाखरं चोचीत किडे घेऊन संध्याकाळपर्यंत येत राहिली, रिकाम्या वाटीला लोंबकळून आत पाहत राहिली. आजी मला रागावली नाही. ती एवढंच म्हणाली, "पोट्ट्या, त्यायले पंख फुटूनच राह्यले होते. तुलेच दम नव्हता."

पुढच्या वर्षी मी अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बाज टाकून बसलो आणि तेव्हा पहिल्यांदा मला काही दिसलं. तेच तुलाही दिसावं म्हणून सांगतो.

जिन्यात उभी राहू नकोस. समोरच्या गॅलरीत बस, सकाळी लवकर. आधी काठावर पिल्लांची रेटारेटी दिसेल. मग एखादं जागच्या जागी पंख फडफडवेल आणि काठ घट्ट धरून ठेवेल. मोठी पाखरं भरवायला येतील, पण पूर्वीसारखी थेट काठावर टेकणार नाहीत. जवळून घिरट्या घेतील, बोलावतील. ती पिल्लांना ढकलत नाहीत, हे नीट पाहून घे. पहिलं पिल्लू जाईल तेव्हा ते खाली जात असल्यासारखं वाटेल, मग हवा त्याला धरेल. बाकीची त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत जातील. तरी घास संपत नाही. काही दिवस आईबाप त्यांना तारेवर, कधी हवेतच भरवतात आणि संध्याकाळी सगळी मंडळी त्याच वाटीत दाटीवाटीनं झोपायला येतात. संध्याकाळी पाहायला विसरू नकोस. बहुतेक लोक सकाळचं उडणं पाहून उठतात आणि हे त्यांचं निसटतं.

एखादं पडलंच तर काय करायचं, तेही सांगून ठेवतो. अंगावर पिसं असतील तर मांजरीपासून वाचेल अशा उंच कठड्यावर किंवा टांगलेल्या खोक्यात ठेव आणि दूर हो. मोठी पाखरं आवाजावरून येतात. उघडं, बिनपिसांचं असेल तर मात्र बाबांनी शिडी लावावी आणि ते परत वाटीत ठेवावं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हा समज खोटा आहे. दूध, भात, पोळी भरवू नकोस. चोचीत पाणी तर मुळीच ओतू नकोस, ते श्वासनळीत जातं. हे पाखरू उडते किडेच खातं. म्हणूनच शिवारातल्या प्रत्येक फवारणीचा हिशेब शेवटी या वाटीपर्यंत येतो.

जिन्यात घाण होते, घरटी पाडा, असं खालच्या मजल्यावरचे म्हणतात, हे ताईकडून कळलं. त्यांच्याशी भांडू नकोस. घरट्यांखाली एक पोतं अंथर, रोज सकाळी तू स्वतः झटक. एवढं केलंस तर निम्मी तक्रार आपोआप मिटेल. आणि तरीही कुणी काठी उचलली तर नम्रपणे सांग, की १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी मोडणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं. पिल्लं उडाल्यावरही वाटी राहू द्या. जुनंच घरटं डागडुजी करून पुन्हा वापरायची या पाखरांची रीत आहे.

दूर राहण्याचा नियम तुला एकटीलाच नाही. अमेरिकेत भिंगरीच्याच कुळातली पर्पल मार्टिन नावाची जांभळट-काळी पाखरं आहेत. तिथले मूळचे चोक्टॉ आणि चिकासॉ लोक त्यांच्यासाठी पोकळ भोपळे टांगत. आज त्या देशाच्या पूर्व भागात ही पाखरं जवळजवळ सर्वस्वी माणसांनी परसात उभारलेल्या घरांतच वाढतात. ती घरं सांभाळणारे लोक दर आठवड्याला आत डोकावतात, अंडी-पिल्लं मोजतात. पण पिल्लं बावीस-तेवीस दिवसांची झाली की तेही घर उघडत नाहीत. ज्यांनी घर बांधून दिलं त्यांनाही हा नियम आहे, सोनू. आपण तर भिंतही त्यांच्यासाठी बांधलेली नाही.

आणि एक वही घाल. मारुती चितमपल्ली यांनी वनखात्यातल्या नोकरीत विदर्भातली रानं पाहिली, आदिवासींकडून नावं ऐकली, टिपून ठेवली. त्यातूनच पुढे 'पक्षिकोश' उभा राहिला. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' हे शब्द त्यांनीच मराठीला दिले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून त्या आठवड्यात आपल्या राज्यात पक्षी सप्ताह असतो. तोवर तुझ्या वहीत जिन्यातल्या घरट्यांचा हिशेब असू दे: माती कधी आणली, आवाज कधी आला, कोण कधी उडालं. पाकोळ्यांच्या वसाहतीला एखादा शब्द सुचला तर तोही लिही.

फोटो पुढेही काढता येतील. पण हा आठवडा त्या चार पिल्लांना पुन्हा मिळणार नाही. तेव्हा दूर बस, आणि पहिलं पिल्लू किती वाजता उडालं ते मला कळव.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझा,
मामा