‘वारं गेलं’ म्हणून वासराला डाग देऊ नका

वासरू उभं राहायला गेलं की चारही पाय फाकतात, मान थरथरते. घरचे म्हणतात, ‘वारं गेलं’, आणि चुलीत लोखंड तापतं. अहेरी-आलापल्ली पट्ट्यातून माझ्याकडे उपचाराला येणाऱ्या अशा कितीतरी वासरांच्या अंगावर डाग आधीच असतो. त्या चटक्याने मेंदूचा कोणताही आजार बरा होत नाही. जखम चिघळते आणि उपचाराची वेळ निघून जाते.

मला आधी एवढंच सांगा, वासरू जन्मतःच असं होतं, की चांगलं दूध पिऊन नंतर बिघडलं?

जन्मतःच डुलतंय, पण तरतरीत आहे, दूध ओढायला बघतंय, तर त्याचा छोटा मेंदू बहुधा गर्भातच नीट वाढलेला नाही. गाय चार-पाच महिन्यांची गाभण असताना तिला बीव्हीडी विषाणूची लागण झाली तर असं होतं. गाय वरून ठणठणीत दिसते. बारीक चिलटांमुळे पसरणारा अकाबाने विषाणू वासराचे पायच आखडवतो. गाभण गायीवर ग्रहणाची सावली पडली, वगैरे काही नाही. हे आजार माणसाला होत नाहीत, घाबरू नका. दोष सौम्य असेल तर आधार देऊन पाजलेलं वासरू जगतंही. चीक पाजण्याआधी रक्ताचा नमुना मिळाला तर निदान सोपं जातं, पण त्यासाठी चीक अडवू नका. पहिल्या दोन तासांत तो पोटात गेलाच पाहिजे. वार पडायची वाट बघणं बंद करा. चिकाविना राहिलेलं वासरूच दोन-चार दिवसांत तापाने मान मागे टाकतं. तेव्हा लगेच जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या हेल्पलाइनला फोन करा. लवकर औषध मिळालं तर ते वाचू शकतं.

नंतर बिघडलेल्या वासरात मला खरी धास्ती पिसाळण्याची, म्हणजे रेबीजची. मागे एक जण दीड महिन्याचं वासरू घेऊन आला. लाळ गळत होती, आवाज घोगरा, गिळता येत नव्हतं. घशात काही अडकलं म्हणून घरातल्या तिघांनी तोंडात हात घालून पाहिलं होतं, मोबाईलवर बघून तेलही पाजलं होतं. तान्हं असताना कुत्र्याने नाकाला चावा घेतल्याचं त्यांना विचारल्यावर आठवलं.

तोंडात हात घालू नका! लाळ लागलीच असेल तर साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात रेबीजची लस सुरू करा. ती तिथे मोफत मिळते. वासरू मेलं तरी उरलेले डोस चुकवू नका.