जड पाणी : भीती किती, काळजी कोणती?



उन्हाळा लागला की वस्तीतल्या आरोग्य बैठकांत आम्हाला तेच ते प्रश्न विचारले जातात. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरा थर धरतो, केस राठ होतात. आणि शेवटी एखादी मावशी हळूच विचारते, "ताई, या पाण्याने मुतखडा होतो का?" म्हणून या अंकातला पाठ जड पाण्यावर.

जड पाणी म्हणजे काय?

पावसाचे पाणी जमिनीत मुरते, खडकातून झिरपते आणि वाटेत कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार विरघळवून घेते. हे क्षार जास्त झाले की पाणी जड होते. शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500) जडपणा लिटरमागे 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालतो.

घरी ओळखायचे असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत बोअरचे पाणी, दुसरीत तेवढेच साठवलेले पावसाचे पाणी भरा. दोन्हींत साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. जड पाण्यात फेस कमी आणि वर पांढरा साका दिसेल.

मुतखड्याचे काय?

फक्त जड पाण्यामुळे मुतखडा होतो, असे सिद्ध झालेले नाही. मुतखड्याचे मोठे कारण आहे पाणी कमी पिणे. शेतात, बांधकामावर राबणाऱ्या आपल्या भगिनी शौचालयाची सोय नाही म्हणून दिवसभर घोटभर पाण्यावर काढतात, लघवी दाबून ठेवतात. उन्हात घाम जातो, लघवी घट्ट पिवळी होते आणि खडा धरायला वाव मिळतो. पाणी जड आहे म्हणून कमी पिणे हा उलटा उपाय झाला. लघवी फिकट होईल इतके पाणी प्या. मुतखड्याच्या भीतीने दूधही परस्पर बंद करू नका. मात्र ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी पाणी आणि आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

घरातले उपाय

1. पिण्यासाठी : पाणी दहा मिनिटे खळखळ उकळा, रात्रभर निवू द्या, सकाळी वरचे पाणी अलगद ओतून कपड्याने गाळा. तळाशी बसलेला पांढरा गाळ म्हणजे सुटलेला क्षार. जडपणाचा काही भाग असा कमी होतो, सगळा नाही.

2. डाळीसाठी : डाळ दोन-तीन तास भिजवा आणि वरीलप्रमाणे उकळून निवळलेल्या पाण्यात शिजवा. खाण्याचा सोडा टाकला तर डाळ लवकर शिजते, पण त्यातले ब जीवनसत्त्व नष्ट होते. रोज टाकू नका. चिंच, आमसूल डाळ शिजल्यावरच घाला.

3. कपड्यांसाठी : वीस लिटरच्या बादलीत दोन लहान चमचे धुण्याचा सोडा ढवळा, थोडा वेळ थांबा, मग साबण वापरा. साबण वाचतो. हा सोडा पोटात जाता कामा नये; डबा मुलांपासून दूर ठेवा आणि नंतर हात स्वच्छ धुवा.

4. अंघोळीसाठी : साबण कमी लावा, अंग नीट धुवा, ओलसर अंगावर खोबरेल तेल लावा. केसांना रिठा वापरा; त्याचा साका होत नाही.

5. भांड्यांसाठी : पांढऱ्या थरावर लिंबूसत्वाचे किंवा चिंचेचे पाणी तासभर ठेवा, मग घासा. फरशीला ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र वापरू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू फुप्फुसाला घातक आहे.

6. पावसाळ्यात : पहिले दोन-तीन पाऊस सोडून छताचे पाणी गाळून झाकलेल्या टाकीत साठवा. हे पाणी जड नसते. पिताना मात्र उकळा.

तुरटीने गढूळपणा जातो, मेडिक्लोरने जंतू मरतात. दोन्हींनी जडपणा जात नाही. आरओ यंत्राने जातो, पण बरेच पाणी वाया जाते. ते फरशी पुसायला वापरा. विकतच्या जारमधले पाणी थंड असते म्हणून शुद्ध असतेच असे नाही.

खरी काळजी इथे आहे

जडपणा डोळ्यांना दिसतो. फ्लोराइड आणि नायट्रेट दिसत नाहीत. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आढळले आहे. त्याने लहान मुलांच्या पक्क्या दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग पडतात आणि वर्षानुवर्षे असे पाणी प्यायल्यास हाडे, सांधे ताठरतात. नायट्रेट जास्त असलेले पाणी सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरच्या दुधातून गेले तर बाळ निळे पडू शकते. उकळल्याने हे दोन्ही जात नाहीत. पाणी आटले की त्यांचे प्रमाण उलट वाढते. फेस चांगला येतो म्हणजे पाणी सुरक्षित, असेही समजू नका.

म्हणून पाणी तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत तपासणी होते. जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत, हे ग्रामपंचायतीत विचारा. एक गोष्ट नक्की पाहा : नमुना गावच्या टाकीचा घेतला, की आपल्या वस्तीच्या हातपंपाचा? वस्तीचा स्रोत वेगळा असेल तर टाकीचा अहवाल आपल्या उपयोगाचा नाही. जलसुरक्षकाकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि आलेला अहवाल महिला मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचा.

20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी पिऊन बाबासाहेबांनी आणि हजारो बांधवांनी पाण्याचा हक्क बजावला. आपल्या घागरीतले पाणी कसे आहे, हे विचारणे त्याच हक्कात येते. येत्या आठवड्यात मंडळातल्या दोघींनी मिळून तो अर्ज लिहावा.