फ्लॅश पॉइंट सव्वादोनशे, तरी तेल पेटलंच

चाकणच्या एका डाय-कास्टिंग कारखान्यातले मेंटेनन्स फोरमन त्यांच्या तेलाच्या डीलरचा विषय निघाला की आजही तडकतात. ओव्हरहॉलनंतर मशीनच्या हायड्रॉलिक टाकीत आगरोधक वॉटर-ग्लायकॉलच भरायचं, असं त्यांनी इंडेंटवर लिहून दिलं होतं. आलं मात्र साधं खनिज तेल. हरकत घेतली, तर डीलर म्हणाला, "साहेब, फ्लॅश पॉइंट सव्वादोनशे अंश आहे, पेटायचं नाही." तेल स्वस्त पडत होतं, पर्चेसने मान डोलावली.

पुढे एका रात्रपाळीत होजला क्रिम्पपाशी सुईच्या टोकाएवढं भोक पडलं. तेलाचा फवारा थेट भट्टीकडे गेला आणि भडका उडाला. ऑपरेटरने लाल बटण दाबलं, पंप थांबला. तरी ॲक्युम्युलेटरमध्ये साठलेला दाब संपेपर्यंत ज्वाळा विझेना. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. नंतर फोरमननी वाकून पाहिलं, तर होजखालची फरशी कोरडी होती. गळून सांडलेलं काहीच नव्हतं, सगळं तेल धुकं होऊन जळलं होतं.

डीलरने खापर फोडलं ते होजवर. "मी लेखी दिलं होतं. तो कागद अजून माझ्याकडे आहे," फोरमन सांगतात.

त्यांचा राग रास्त आहे. फ्लॅश पॉइंट (वाफ पेट घेते ते तापमान) मोजतात तो कपात तापवलेल्या तेलाचा; दाबाखाली उडालेल्या फवाऱ्याचं वागणं त्यावरून कळत नाही. अशा आगींनी माणसंही गेली आहेत. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या हॅमलेट गावी ३ सप्टेंबर १९९१ रोजी कोंबडी-प्रक्रिया कारखान्यात कन्व्हेयरची हायड्रॉलिक होज सुटली. तेल तळणीच्या गॅस बर्नरपर्यंत पोहोचलं आणि २५ कामगार गेले. अनेक दारांना बाहेरून कुलपं होती. बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या कोळसा खाणीत १९५६ साली तेलाची नळी आणि विजेच्या केबल एकत्रच तुटल्या. आग भडकून २६२ जण दगावले.

म्हणून आगरोधक द्रवांचे वर्ग ठरलेले आहेत. 'एचएफए'मध्ये बहुतांश पाणीच असतं. 'एचएफबी' म्हणजे तेलात मिसळलेलं पाणी. 'एचएफसी' म्हणजे वॉटर-ग्लायकॉल. 'एचएफडी'त पाणी नसतं. प्रवासी विमानांतलं जांभळं फॉस्फेट एस्टर याच वर्गातलं. तेही पेटू शकतं, पण आग सहजी पसरू देत नाही.

फोरमनचा सल्ला असा: इंडेंटवर नुसतं 'फायर रेझिस्टंट' लिहू नका, आयएसओ १२९२२ प्रमाणे वर्ग लिहा. वॉटर-ग्लायकॉलच्या डेटाशीटवर सहसा फ्लॅश पॉइंटचा आकडा नसतो, कारण पाणी उडून जाईपर्यंत ते पेट घेत नाही. आकडा दिसला की ड्रम उतरवूनच घेऊ नका. टाकीतलं पाणी रिफ्रॅक्टोमीटरने तपासत राहा आणि तापमान ६० अंशांच्या वर जाऊ देऊ नका. फॉस्फेट एस्टर भरायचं, तर आधी नायट्राइलचे सील बदला, नाहीतर ते फुगून गळतील. होज वेळच्या वेळी बदला. इमर्जन्सी बटणाबरोबर ॲक्युम्युलेटरही रिकामा होईल अशी सोय करून घ्या. आणि पर्चेसने परस्पर माल बदलला, तर त्यावर त्यांची सही घ्या.