नदीची रोजकीर्द

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो तो असा: व्यवहार घडला की त्याच दिवशी तो रोजकीर्दीत लिहिला पाहिजे. रोजकीर्द नाही तर खतावणी नाही, खतावणी नाही तर ताळेबंद नाही. आणि ताळेबंदावाचून धंदा तरतो आहे की बुडतो आहे हे मालकालाही समजत नाही. हा नियम दुकानाला लागू आहे, तसाच गावातून वाहणाऱ्या ओढ्या-नद्यांनाही लागू आहे, एवढेच या लेखात मांडावयाचे आहे. मी शास्त्र शाखेची विद्यार्थिनी नाही. परंतु ज्या कामाविषयी लिहीत आहे त्याला पदवी लागत नाही, नियमितपणा लागतो.

प्रथम एक परदेशातील उदाहरण घेऊ. सॅमन नावाचा मासा गोड्या पाण्याच्या ओढ्यात जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा आपल्या जन्माच्या ओढ्याकडे परततो. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सिॲटल शहर आहे. त्याच्या आसपासच्या ओढ्यांत कोहो जातीचे सॅमन परत येत, पण पाऊस पडला की अंडी घालण्यापूर्वीच तडफडून मरत. काही ओढ्यांत निम्म्याहून अधिक मासे असे मरत. शरद ऋतूत शास्त्रज्ञ आणि साधे नागरिकही ओढ्याकाठी चालत जात. जिवंत किती, मेलेले किती, मेलेल्या मादीच्या पोटात अंडी शिल्लक आहेत काय, हे तारखेनिशी लिहून ठेवीत. वर्षानुवर्षांच्या अशा नोंदींतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक म्हणजे हे मरण रस्त्यांची गर्दी असलेल्या भागातील ओढ्यांतच जास्त होते. आणि दुसरी म्हणजे ते पावसाबरोबर येते. अर्थात संशय रस्त्यावरून वाहून येणाऱ्या पाण्यावर गेला. अखेर २०२० साली शास्त्रज्ञांनी नेमका दोषी शोधून काढला. मोटारीच्या टायरमध्ये रबर टिकावे म्हणून जे रसायन घालतात, त्याचा हवेतील ओझोनशी संयोग होऊन एक विषारी द्रव्य बनते. टायर झिजले की तेच पावसाबरोबर ओढ्यात उतरते. हे पाणी वाळू व कुजलेल्या खताच्या थरातून गाळून सोडले तर मासे वाचतात, हेही प्रयोगाने दिसले आहे. प्रयोगशाळेतील काम तज्ज्ञांचेच होते. पण कोठे आणि केव्हा शोधावयाचे, हे काठावरच्या वह्यांनी दाखविले.

आपल्याकडे सॅमन नाही. पण साधारण त्याच्याच मानाचा मासा आहे, तो महसीर. हाही वाहत्या, स्वच्छ, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातील मासा. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाच्या उलट चढणारा. दख्खनच्या महसीराचे शास्त्रीय वर्णन प्रथम कर्नल विल्यम साईक्स यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले, आणि ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. साईक्स मुंबई सरकारकडे सांख्यिकीचे काम पाहत, म्हणजे पेशाने आकडेवारी जमविणारे गृहस्थ! त्यांनी खुदरी, कोळस, मसुल्ला ही इथली नावेच माशांना शास्त्रीय नावे म्हणून दिली. पुढे १९४२ साली फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली, आणि २००३ साली पुण्यातील अभ्यासकांनी मुळा-मुठेतील मासे पुन्हा तपासले. जुन्या यादीतील काही जाती आढळल्या नाहीत. उलट बाहेरून आणलेल्या जाती आढळल्या.

आता हिशेबनिसाच्या दृष्टीने पाहा. १८३९ ही आरंभीची शिल्लक, २००३ ही अखेरची. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांत पानेच्या पाने कोरी! तूट आहे हे दिसते. पण ती कोणत्या वर्षी पडली, धरणामुळे किती, सांडपाण्यामुळे किती, हे ठामपणे सांगणारी कीर्द नाही. ज्या तुटीची तारीख नाही तिचा जाब कोणाला विचारणार?

ही कोरी पाने यापुढे तरी राहू नयेत म्हणून काही मंडळी झटत आहेत. पुण्यात 'जीवितनदी' या संस्थेच्या स्वयंसेवकांनी विठ्ठलवाडीला मुठेचा आणि औंधला राम-मुळा संगमाचा काठ दत्तक घेण्याचा उपक्रम चालविला. काठ दत्तक घेणे म्हणजे तेथे पुन्हा पुन्हा जाणे. आणि पुन्हा पुन्हा गेल्याशिवाय बदल दिसत नाही.

नोंद कशी ठेवावी? तिचे नियम कीर्दीसारखेच साधे आहेत. जागा एकच असावी, वेळ ठरलेली असावी, पद्धत बदलू नये. तारीख, वेळ, आदल्या दिवशीचा पाऊस, पाण्याचा रंग व वास, तपमान, दिसलेले मासे, कीटक व पक्षी एवढे रकाने पुरेत. काही दिसले नाही तर रकाना मोकळा न सोडता शून्य लिहावे. मोकळा रकाना म्हणजे कोणी पाहिले नाही, शून्य म्हणजे पाहिले आणि नव्हते. तपमान महत्त्वाचे, कारण पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो: १० अंश सेल्सियसला लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, तर ३० अंशाला सुमारे साडेसात. सांडपाणी मिसळले की जंतू यातलाही बराचसा खाऊन टाकतात. आपल्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासे व वन्यजीवांसाठी तो किमान ४ मिलिग्रॅम हवा.

माझे घर बेल्लमपल्लीला आहे. पूर्वीच्या आदिलाबाद जिल्ह्यातील हे कोळशाच्या खाणींचे गाव २०१६ पासून मंचेरियाल जिल्ह्यात मोडते. शिक्षण आजोळी मराठीतून झाले, पण घराबाहेर पडले की बोली तेलुगू. गेल्या दिवाळीच्या सुटीत मी व धाकट्या भावाने गावाबाहेरच्या ओढ्यावर (तिकडे ओढ्याला 'वागु' म्हणतात) चार रविवार सकाळी सात वाजता अशी नोंद ठेवली. साहित्य म्हणजे एक वही, एक तपमापक आणि काचेची बाटली. गळ टाकून बसणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी आम्हांस चारही रविवारी कोर्रमट्ट दाखविला. हाच आपला मरळ. तेलंगणाचा हा राज्यमासा आहे. भाऊ म्हणाला, "ताई, मासा आहे म्हणजे पाणी चांगलेच की!" येथेच खरा धडा आहे. मरळ पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतो, म्हणून प्राणवायू संपत आलेल्या पाण्यातही तो तग धरतो. चिखलातील तांबड्या अळ्याही तशाच चिवट. तेव्हा मासा आहे की नाही यापेक्षा कोणता आहे, हे लिहिणे आवश्यक ठरते. आमच्या वहीत चारही रविवारी मरळ आहे. अन्य माशांच्या रकान्यात चार शून्ये आहेत. चार रविवारांवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मी जाणते. पण त्या ओढ्याची आरंभीची शिल्लक आता लिहिली गेली आहे. पुढची पाने भावाच्या हाती आहेत. माशांची नावे तो तेलुगू व मराठी दोन्ही भाषांत लिहितो, म्हणजे गळ टाकणाऱ्यालाही ती वही वाचून दाखविता येते.

आपल्या या अंकाचे मराठी व कन्नड असे दोन विभाग आहेत. मुळा-मुठेचे पाणी भीमेला मिळते. भीमा उजनी, पंढरपूर करीत कर्नाटकात उतरते, विजापूर, कलबुर्गी, यादगीर या जिल्ह्यांतून जाऊन रायचूरजवळ कृष्णेला मिळते. एका भाषेत झालेला खर्च दुसऱ्या भाषेच्या खात्यात नावे पडतो. म्हणून वहीही दोन्ही भाषांत हवी.

मित्रहो, महाविद्यालयाजवळून एखादा ओढा किंवा नाला वाहत असेलच. दोन मराठी व दोन कन्नड विद्यार्थ्यांनी मिळून आठवड्यातील अर्धा तास दिला, आणि आमची तुकडी पदवी घेऊन गेल्यावर वही पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर दहा वर्षांनी आपल्या ग्रंथालयात असा दस्तऐवज असेल, जो पैसे देऊनही बाजारात मिळणार नाही. गेलेल्या दिवसाची नोंद मागाहून करता येत नाही. तेव्हा पहिले पान या रविवारीच लिहावे, ही विनंती.