परसबागेतील मायाळू

सोलापूर जिल्ह्यात उन्हाळा लागला की पालेभाजीची टंचाई भासू लागते. मेथी व पालक या थंड हवेच्या भाज्या. पारा ४० अंशांवर गेला म्हणजे त्या अकाली फुलावर येतात अथवा करपून जातात. बाजारात जी जुडी मिळते ती महाग असते आणि ज्या घरी लहान मुले व गरोदर स्त्रिया आहेत, तेथेच ती पुष्कळदा पोहोचत नाही. अशा घरी मागील दारी मायाळूचे तीन-चार वेल असणे हिताचे होय.

मायाळू ही आशियाच्या उष्ण प्रदेशातील भाजी. तिची पाने जाड व रसाळ असून त्यांत कॅरोटीन, क जीवनसत्त्व, लोह व कॅल्शियम असते. हिरव्या व तांबड्या देठाचे असे तिचे दोन प्रकार आहेत.

लागवड : जून-जुलै अथवा फेब्रुवारीत करावी. काळ्या भारी जमिनीत पाणी साचून मुळे कुजतात, यास्तव वीतभर उंच वाफा करून त्यात कुजलेले शेणखत मिसळावे. बियांचे कवच कठीण असते, म्हणून त्या रात्रभर भिजवाव्यात. त्याहून सोपा उपाय म्हणजे वीतभर लांबीचे फाटे दीड फुटावर लावणे. वेल कुडावर किंवा मांडवावर चढवावा.

पाणी : न्हाणीचे पाणी वाफ्याकडे वळवावे. मात्र कपडे धुतलेले सोड्याचे पाणी देऊ नये. त्यातील सोडियममुळे काळी जमीन घट्ट होते व पाणी मुरत नाही. बुडाशी तुरीचे भुसकट पसरल्यास ओल टिकते.

काढणी : सहा ते आठ आठवड्यांनी शेंडे खुडण्यास प्रारंभ करावा. खुडल्याने वेलास नवे फुटवे येतात. हिवाळ्यात दिवस लहान झाल्यावर फुले धरतात. त्या वेळी पिकलेली जांभळी फळे वाळवून बी राखावे.

मुळांवर गाठी आढळल्यास तो सूत्रकृमीचा उपद्रव समजावा. असा वेल मुळासकट काढून जाळावा, त्याचे फाटे कोणासही देऊ नयेत आणि नवी लागवड दुसऱ्या जागी करावी. वांगी, टोमॅटो किंवा भेंडी यांच्या जागीही मायाळू लावू नये. त्या पिकांवरही हीच कीड वाढते.

भाजी डाळीत शिजवून वर लिंबू पिळावे. त्यामुळे लोह अंगी लागण्यास मदत होते.

गावोगावच्या कार्यकर्त्यांनी प्रथम एका घरी निरोगी वेल वाढवावा व त्याचेच फाटे शेजारी द्यावेत. यास पैसा लागत नाही. लागते ती थोडी जागा, वाया जाणारे पाणी आणि नित्याची देखरेख.